मिसिसिपी जॉन हर्टची ध्वनिमुद्रणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकवताना प्रत्येक बॅचला मी एकदा तरी जॉन हर्ट ऐकवतो. मग पुढचा आठवडाभर फोनवर निरोप येत राहतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकच उत्तर किती वेळा टाइप करायचं, म्हणून सगळी एकत्र लिहून काढली. आधी सोपे प्रश्न आहेत, गुंत्याचे पुढे. एक गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. हा जॉन हर्ट नेमका कोण? नाव ऐकलंय, पण इतर ब्लूजवाल्यांमध्ये (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गोंधळ होतो.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कॅरल काउंटी आहे. तिथल्या ॲव्हलॉन नावाच्या इवल्याशा वस्तीत राहणारा हा कृष्णवर्णीय शेतमजूर. जन्मसाल कुठे १८९२ तर कुठे १८९३ दिसतं. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा या गावी तो वारला. गिटार लहानपणी स्वतःच शिकला. आयुष्यभर शेतात राबला, दुसऱ्याची गुरं राखली, काही काळ रेल्वेच्या रुळांवर काम केलं, आणि शनिवारी रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाचाला गिटार वाजवली.

त्याची ध्वनिमुद्रणं दोन हप्त्यांत आहेत. पहिला हप्ता १९२८ चा, दुसरा १९६३ ते १९६६ चा. मधली पस्तीस वर्षं कोरी. पहिल्या वेळी तो पस्तिशीचा होता, दुसऱ्या वेळी सत्तरीचा.

२. एकच अल्बम ऐकायचा तर कोणता?

'टुडे!'. १९६६ मध्ये व्हॅनगार्ड कंपनीने काढला. बारा गाणी, एक माणूस, एक गिटार. आवाज स्वच्छ असल्यामुळे बोटं तारेवरून उचलल्याचंही ऐकू येतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २००९ च्या यादीत त्याचा समावेश झाला. पहिलं गाणं 'पे डे' लावा आणि दुसरं काही काम हातात घेऊ नका. तीन मिनिटांत मन रमलं नाही तर हा माणूस तुमच्यासाठी नाही, एवढं समजा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

१९२८ च्या मुद्रणांपासून सुरुवात करा, असं जाणकार सांगतात. मी सांगत नाही. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. १९२८ मध्ये त्याने किती गाणी मुद्रित केली? कुठे बारा लिहिलंय, कुठे तेरा, कुठे वीस.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजलेली वस्तू वेगळी.

मुद्रित झाली वीस : फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला आठ, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला दोन दिवसांत बारा. ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणली बारा, म्हणजे दोन्ही बाजू धरून सहा तबकड्या. मेम्फिसच्या आठांपैकी तर 'फ्रँकी' आणि 'नोबडीज डर्टी बिझनेस' ही दोनच निघाली. प्रकाशित न झालेल्या आठांपैकी 'बिग लेग ब्लूज' या एका गाण्याची चाचणी तबकडी वाचली, म्हणून आज आपल्याला तेरा ऐकता येतात. उरलेली सात गेली.

'१९२८ सेशन्स' आणि 'ॲव्हलॉन ब्लूज : द कम्प्लीट १९२८ ओके रेकॉर्डिंग्ज' हे दोन वेगळे संग्रह नाहीत. दोन्हींत हीच तेरा गाणी आहेत. मी दोन्ही सीडी विकत घेतल्या होत्या. दुकानदाराने "यात जास्तीची गाणी आहेत" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि घरी येऊन यादी ताडून पाहिल्यावर कपाळाला हात लावला होता.

४. अशा आडगावातल्या मजुरापर्यंत रेकॉर्ड कंपनी पोचली तरी कशी?

शेजाऱ्यामुळे. विली नार्मर हा त्याच भागातला गोरा फिडलवादक. त्याचा नेहमीचा साथीदार नसला की तो हर्टला गिटारवर बसवत असे. नार्मरला ओके कंपनीत वाजवायची संधी मिळाली, आणि कंपनीचा टॉमी रॉकवेल त्या भागात आला तेव्हा नार्मरने हर्टचं नाव सुचवलं. त्या काळच्या वर्णभेदी मिसिसिपीत गोरा आणि काळा एकाच नाचाला साथीने वाजवत होते, ही गोष्ट मला मुद्रणाइतकीच महत्त्वाची वाटते. हर्टच्या गाण्यांत जुन्या गोऱ्या लोकचाली का ऐकू येतात, याचा उलगडाही तिथेच होतो.

मेम्फिसच्या त्या पहिल्या दिवसाचं वर्णन हर्टने पुढे केलं आहे. प्रचंड मोठा हॉल आणि आत इनमीन तीन माणसं. त्याला खुर्चीवर बसवलं, मायक्रोफोन अगदी तोंडाशी आणला आणि सांगितलं, आता हलायचं नाही. डोकं इतकं ताठ धरावं लागलं की पुढे कित्येक दिवस मान दुखत होती. 'फ्रँकी' ऐकताना मला दर वेळी ती आखडलेली मान आठवते, कारण गाण्यात तिचा मागमूस नाही. गाडी उतारावरून निघाल्यासारखं गाणं सुटतं.

नंतर रॉकवेलने पत्र पाठवून त्याला न्यूयॉर्कला बोलावलं : दर गाण्यामागे २० डॉलर आणि जाण्यायेण्याचा सगळा खर्च. आठेक गाणी तयार ठेव, त्यातली निदान चार 'फ्रँकी'सारखी जुन्या वळणाची असू देत, अशी सूचनाही होती. म्हणजे कंपनीला काय हवं होतं ते स्पष्ट आहे. आज आपण ज्याला 'हर्टचा बाज' म्हणतो, त्यात थोडा वाटा या मागणीचाही आहे.

५. मग पुढची पस्तीस वर्षं तो गप्प का बसला?

तो गप्प बसला नव्हता. गावात वाजवतच होता, फक्त कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. तबकड्या फार खपल्या नाहीत, आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळल्यावर मंदीत रेकॉर्डचा धंदाच बसला. गावाकडच्या गायकांना शोधत फिरणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. हर्ट शेतीवर परतला. संतापून गाणं सोडलं, दारूत बुडाला, असल्या कथा जोडायला जागा नाही. बायको, मुलं, गुरं, रविवारी चर्च.

६. गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्याला शोधून काढलं, हे खरं आहे की रंगवलेलं?

खरं आहे. न्यूयॉर्कला डिसेंबरच्या थंडीत एकटा असताना हर्टला घराची आठवण झाली आणि त्याने 'ॲव्हलॉन ब्लूज' रचलं. ॲव्हलॉन माझं गाव, ते सारखं मनात असतं, असा त्याचा भाव. ती तबकडी ऐकून टॉम हॉस्किन्स आणि डिक स्पॉट्सवुड या वॉशिंग्टनच्या तरुण संग्राहकांनी ठरवलं, हे गाव शोधायचं. चालू नकाशात ते सापडेना. शेवटी १८७८ च्या एका जुन्या नकाशापुस्तकात ग्रीनवुड आणि ग्रेनाडा यांच्या मध्ये ॲव्हलॉन सापडलं.

१९६३ च्या सुरुवातीला हॉस्किन्स गाडी घेऊन तिथे पोचला. दुकानात चौकशी केली, तर उत्तर मिळालं : या रस्त्याने मैलभर जा, टेकडीवरची तिसरी टपालपेटी. इतकं साधं! ज्याला सगळे मेला समजत होते, त्याचा पत्ता गावातल्या कुणीही सांगितला असता. दारात अनोळखी गोरा माणूस पाहून हर्टला तो सरकारी पोलीस वाटला, असं सांगतात. त्या वर्षांच्या मिसिसिपीत ते अगदी साहजिक होतं. त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती, हॉस्किन्सच्या गिटारवर वाजवून दाखवलं.

त्याआधी एक पायरी होती, ती विसरू नये. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून फोकवेज कंपनीसाठी एक मोठा संग्रह केला होता. त्यात हर्टची 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' होती. अमेरिकेतली लोकसंगीत शिकणारी अख्खी पिढी त्या संग्रहावर वाढली, म्हणून मूळ गायक जिवंत आहे का हे पाहावंसं कुणाला तरी वाटलं.

७. १९६३ नंतरचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

आले त्याच क्रमाने चालतील. पिडमाँट या छोट्या कंपनीने काढलेले 'फोक साँग्ज अँड ब्लूज' (१९६३) आणि 'वरीड ब्लूज' (१९६४) पहिले. जुलै १९६३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेलं मुद्रण याच काळातलं. ते पुष्कळ नंतर 'डी.सी. ब्लूज' या नावाने बाजारात आलं. मग व्हॅनगार्डचे तीन : 'टुडे!' (१९६६), 'द इमॉर्टल मिसिसिपी जॉन हर्ट' (१९६७) आणि 'लास्ट सेशन्स' (१९७२). शेवटचे दोन तो गेल्यानंतर आले, मुद्रण मात्र त्याच्या हयातीतलं.

'लास्ट सेशन्स' हे नाव ऐकून थकलेल्या म्हाताऱ्याचा आवाज येईल असं वाटतं. आवाज थोडा जड झाला आहे खरा, पण त्यातलं 'लेट द मरमेड्स फ्लर्ट विथ मी' ऐका आणि सांगा.

८. 'द बेस्ट ऑफ' नावाच्या अल्बममध्ये टाळ्या का ऐकू येतात? निवडक गाण्यांचा संग्रह आहे ना?

नाही. नाव फसवं आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये ओबर्लिन कॉलेजात झालेला तो प्रत्यक्ष कार्यक्रम आहे. हर्ट समोरच्या पोरांशी कसा बोलतो ते ऐकायचं असेल तर हाच घ्या. गाण्याआधी तो हळू आवाजात दोन वाक्यं बोलतो आणि सभागृह त्याच्या ओसरीवर आल्यासारखं होतं.

९. १९२८ चं चांगलं की साठच्या दशकातलं?

यावर भांडणं होतात. माझं मत असं : गिटार १९२८ ची, गाणं १९६६ चं.

१९२८ मध्ये बोटं जास्त वेगाने चालतात आणि ताल घट्ट आहे. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच जागा असल्यामुळे फापटपसारा नाही. पण खरखर आहे, आणि नव्या श्रोत्याचा कान त्या खरखरीशी झगडण्यातच दमतो, म्हणून मी 'टुडे!' आधी सांगतो. साठच्या दशकात चाल संथ होते. शब्द तो तोंडात घोळवतो, काही ओळी अर्ध्यावर सोडतो आणि उरलेलं गिटारच्या तारेकडून म्हणवून घेतो.

'लुईस कॉलिन्स' दोन्ही काळांत आहे. पाठोपाठ लावा. मध्ये पस्तीसहून जास्त वर्षं गेली आहेत, तरी अंगठ्याची चाल तीच आहे. एवढ्या काळात नवं काही ऐकून त्याने स्वतःला बदललं नाही, कारण कुणी बदलायला सांगितलंच नव्हतं.

१०. मिसिसिपीचा आहे म्हणजे डेल्टा ब्लूजच (त्या राज्यातल्या डेल्टा या सपाट भागातले ब्लूज) ना?

नाही. आणि घोटाळ्याचं मूळ नावातच आहे. 'मिसिसिपी' हा शब्द त्याने लावलेला नाही. खप वाढेल म्हणून ओके कंपनीने तो तबकडीवर चिकटवला. तो चिकटला, आणि त्यासोबत डेल्टाचं सगळं वातावरण त्याच्या माथी बसलं : भसाडा आवाज, काचेच्या नळीने घासलेल्या तारा, चौकात सैतानाशी सौदा केल्याच्या दंतकथा.

चार्ली पॅटन किंवा सन हाउस हे डेल्टाचे गायक लावा आणि लगेच हर्ट लावा. ते गर्जतात, हा गुणगुणतो. ॲव्हलॉन आहे डेल्टाच्या सपाट जमिनीच्या कडेला, टेकड्या सुरू होतात तिथे. हर्टचं भांडारही ब्लूजच्या आधीचं : जुनी कथागीतं, नाचाच्या चाली, रॅगटाइमचे (ठेका मोडून वाजवायच्या जुन्या नाचऱ्या संगीताचे) तुकडे, चर्चमधली गाणी, आणि त्यात थोडे ब्लूज. अशा गायकाला तिकडे 'साँगस्टर' म्हणतात. आपल्याकडे एकच माणूस गोंधळही घालतो, भारूडही म्हणतो आणि लग्नात आग्रह झाला तर लावणीची चालही काढतो, तसा काहीसा प्रकार. अशा माणसाला एका शैलीच्या खणात कोंबलं की त्याची अर्धी गाणी आपल्याला ऐकूच येत नाहीत.

११. रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटार वाजतायत का?

एकच आहे. सगळ्यांचा कान इथे फसतो. थोर स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया यानेही हर्टची तबकडी ऐकून "दुसरा वादक कोण?" असं विचारलं, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती कुणीतरी पिकवलेली असावी असा मला संशय आहे.

प्रत्यक्षात होतं ते असं. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुराच्या जाड तारांवर आळीपाळीने पडत राहतो : एक ठोका या तारेवर, दुसरा त्या तारेवर, घड्याळासारखा. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या बारीक तारांवर चाल वाजवतात, आणि ती नेमकी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडते. भजनात टाळ आपल्या लयीत चालू असतात आणि गाणारा त्यांच्या पुढेमागे खेळतो, तसं. फरक इतकाच की इथे टाळकरी आणि गाणारा एकाच हातात आहेत.

शिवाय गिटारची चाल बऱ्याचदा गळ्याच्या चालीमागोमाग जाते. त्यामुळे 'साथ' ऐकतोय असं वाटतच नाही.

१२. गिटार शिकतोय. हर्टचं पहिलं गाणं कोणतं घेऊ? ट्यूनिंग वेगळं लागतं का?

'माय क्रिओल बेल' घ्या. सी, एफ, जी एवढ्या ओळखीच्या कॉर्ड्सवर निघतं आणि लय संथ आहे. त्यानंतर 'लुईस कॉलिन्स'. 'कँडी मॅन' सोपं वाटतं, पण घाईने हात घालू नका.

बहुतेक गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच आहेत. ठळक अपवाद 'फ्रँकी' : ते ओपन जी मध्ये (तारा नुसत्या छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशा ट्यूनिंगमध्ये) आहे, आणि नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कितीही आपटलं तरी तसं वाजणार नाही. रेकॉर्डिंगसोबत वाजवताना सूर जुळला नाही तर आधी कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी पकड) पुढेमागे करून पाहा.

पहिला आठवडा फक्त अंगठा. सी कॉर्ड धरा, पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. कंटाळा येईपर्यंत. मग कुणाशी तरी बोलत बोलत तेच करा. बोलताना ठोका चुकला नाही की समजा अंगठा सुटा झाला. आता तर्जनीने दुसरी तार मधूनच छेडा. इथे शंभरातल्या नव्वदांचा अंगठा बोटामागे धावतो. माझाही धावायचा, जवळजवळ दोन महिने. उपाय एकच, वेग निम्मा करायचा.

१३. तो कोणती गिटार वाजवायचा?

साठच्या दशकातल्या छायाचित्रांत दिसते ती गिल्ड एफ-३०, मध्यम आकाराची. पण यासाठी पैसे जमवत बसू नका. त्याने उसनवारीच्या गिटारवरही हेच संगीत वाजवलं आहे (प्रश्न ६).

१४. ही सगळी गाणी त्याने स्वतः लिहिली आहेत का?

थोडी त्याची, थोडी परंपरेची, आणि बरीच मधली. 'ॲव्हलॉन ब्लूज' सरळसरळ त्याचं. 'लुईस कॉलिन्स'ही त्याचंच : एक माणूस मारला गेल्याची चर्चा गावात कानावर आली, त्यावरून त्याने रचलं. 'फ्रँकी', 'स्टॅक ओ'ली', 'मेक मी अ पॅलेट ऑन द फ्लोअर' ही आधीपासून लोकांच्या तोंडी होती, त्याने त्यांना आपली चाल दिली. 'माय क्रिओल बेल' हा १९०० साली छापल्या गेलेल्या एका रॅगटाइम रचनेचा तुकडा आहे. बाकीची रचना बाजूला ठेवून त्याने नेमका गोड भाग उचलला.

अडचणीचा अपवाद म्हणजे 'रिचलँड वुमन ब्लूज'. अनेक ठिकाणी ते हर्टच्याच नावावर दिसतं. पण शब्द व्हर्जिनियाच्या डब्ल्यू. ई. मायर्स या गृहस्थाने लिहून त्याला पाठवले होते, चाल हर्टची. 'लेट द मरमेड्स'चे शब्दही मायर्सचेच. म्हणून हर्टला 'गीतकार' म्हणताना मी जरा अडखळतो. आपल्याकडच्या ओव्यांना कर्ता विचारला तर जात्यावरच्या बाया हसतील. हर्टच्या गावातही तसंच होतं. कर्त्याचा रकाना रेकॉर्ड कंपनीला भरायचा असतो.

१५. इतका मवाळ आवाज, आणि गाणी खुनाची? हे काय आहे?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच.

आधी घटना पाहू. 'स्टॅक ओ'ली' : १८९५ च्या नाताळात सेंट लुईस शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात ली शेल्टनने बिली लायन्सला गोळी घातली. भांडण टोपीवरून. शेल्टन १९१२ मध्ये तुरुंगात मेला. 'फ्रँकी' : त्याच शहरात १८९९ मध्ये फ्रँकी बेकर या तरुणीने आपल्या प्रियकराला गोळी मारली, आणि स्वसंरक्षण धरून कोर्टाने तिला सोडलं. पुढे जन्मभर ते गाणं तिच्या मागे लागलं. तिने आपल्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध दावाही लावला, आणि हरली.

म्हणजे ही त्या काळची बातमीपत्रं होती. वर्तमानपत्र जिथे पोचत नव्हतं तिथे गाणं पोचत होतं. आपल्याकडे पोवाड्याने लढाई गावोगाव नेली, तसं. पण पोवाड्याचा शाहीर आवेशात येतो, हर्ट कधीच येत नाही. 'लुईस कॉलिन्स'मध्ये मारणाऱ्याचा राग नाही, गोळीबाराचं वर्णन जेमतेम आहे. गाणं सुरूच होतं ते आई रडतेय इथून, आणि ध्रुवपद दर वेळी परत येतं ते देवदूतांनी त्याला हळूच निजवलं या ओळीवर. शेजारच्या घरी मयत झाल्यावर म्हातारी माणसं आवाज खाली घेऊन जसं बोलतात, त्या स्वरात तो गातो. गिटार मात्र नाचाच्या लयीत चालूच असते.

'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' यालाच धरून आहे. यंत्राशी पैज लावून हातोडा मारता मारता मेलेला जॉन हेन्री हा अमेरिकेचा लोकनायक. इतर गायक त्याची मर्दुमकी गातात. हर्टच्या गाण्यातला कामगार म्हणतो, त्याला मारणारा हातोडा हाच, मला नाही मारणार. हा घ्या, मुकादमाला द्या, मी चाललो. इतकं शहाणं कामगारगीत मी दुसरं ऐकलं नाही.

१६. 'कँडी मॅन' मुलांना ऐकवू का?

ऐकवा, पण अर्थ सांगायच्या भानगडीत पडू नका. गोळ्या-चॉकलेटवाला हा फक्त आडपडदा आहे. आपल्या सवाल-जबाबात चालतो तसला चावट द्व्यर्थ आहे, आणि हर्ट ते इतक्या निरागस चेहऱ्याने गातो की आजी-आजोबांनाही कळत नाही. कळलं तर हसतात.

याच नावाची आणखी दोन प्रसिद्ध गाणी आहेत. रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं 'कँडी मॅन' वेगळं, आणि सॅमी डेव्हिस ज्युनियरने १९७२ मध्ये गाजवलेलं तर पूर्ण वेगळं. मुलांना शोधून द्यायचं ते बहुधा तिसरं असतं.

१७. 'कॉफी ब्लूज'मध्ये जाहिरात आहे का?

पैसे घेऊन केलेली नाही. त्याला मॅक्सवेल हाउस कॉफी आवडायची, हे तो गाण्याआधी सांगतो. चमचाभर प्रेमाची मागणी हाही आडपडदाच, प्रश्न १६ सारखा. याच शब्दांवरून १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बँडने 'द लव्हिन स्पूनफुल' हे नाव घेतलं.

१८. 'ॲव्हलॉन ब्लूज' शोधलं तर चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. खरं कोणतं?

चारही खरी.
एक, १९२८ चं गाणं (प्रश्न ६). दोन, १९२८ च्या तेरा गाण्यांचा संग्रह (प्रश्न ३). तीन, 'ॲव्हलॉन ब्लूज १९६३', म्हणजे पुनर्शोधानंतरची मुद्रणं नव्या वेष्टनात. चार, २००१ चा मानवंदना अल्बम. त्यात हर्ट नाहीच, इतर कलाकार त्याची गाणी गातात : लुसिंडा विल्यम्स, बेक, गिलियन वेल्च, ताज महाल, ख्रिस स्मिदर. साल पाहून घ्या, मग चूक होणार नाही.

१९. एकाच गाण्याची स्पेलिंगं इतकी वेगळी का?

'स्टॅक ओ'ली', 'स्टॅगोली' एकच. 'स्पाइक ड्रायव्हर' आणि 'स्पाइक ड्रायव्हर्स' एकच. गाणं कानाने शिकलेलं, शीर्षक कंपनीच्या कारकुनाने लिहिलेलं. शोधताना दोन्ही टाका.

२०. त्याला वाजवताना पाहता येईल असं काही चित्रीकरण आहे का?

आहे. लोकगायक पीट सीगरच्या 'रेनबो क्वेस्ट' या टीव्ही कार्यक्रमात तो आला होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू. गिटार शिकणाऱ्यांनी आवाज बंद करून एकदा फक्त उजवा हात पाहावा. मनगट जवळजवळ हलत नाही.

२१. माझ्या लघुपटात १९२८ चं गाणं वापरलं तर चालेल? शंभर वर्षं होत आली.

'होत आली' इथेच मेख आहे. अमेरिकेत त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनापासून शंभर वर्षं चालतं. १९२८ मध्ये प्रकाशित झालेली तबकडी १ जानेवारी २०२९ ला मोकळी होईल. मोजणी मुद्रणाच्या नव्हे तर प्रकाशनाच्या वर्षापासून आहे, म्हणून डिसेंबर १९२८ मध्ये मुद्रित होऊन १९२९ मध्ये बाजारात आलेल्या तबकड्यांना आणखी एक वर्ष. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आहे, पण लघुपट इंटरनेटवर टाकलात की तो अमेरिकेतही दिसतो. साठच्या दशकातल्या अल्बमांना तर परवानगी न घेता हात लावूच नका. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क मुद्रणाच्या हक्काहून वेगळा असतो, तोही तपासा.

२२. अमेरिकेत राहतो. ॲव्हलॉनला जाऊन त्याचं घर पाहता येईल का?

हर्टचं जुनं लाकडी घर जपून त्याचं छोटं संग्रहालय केलेलं होतं. २०२४ मध्ये ते आगीत जळालं. त्याची कबर मात्र तिथेच झाडीत आहे. ग्रीनवुडहून ग्रेनाडाकडे जाताना सपाट शेतं संपून टेकड्या चढायला लागतात, तिथे गाडीत 'ॲव्हलॉन ब्लूज' लावा. १९२८ चं, साठच्या दशकातलं नको.